व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम आणि वॅट काढायची रीत (आणि मोटार बंद ठेवून व्होल्टेज बघण्याची चूक)

आमच्याकडे ‘आकडा’ म्हटलं की लोकांची नजर आधी वरच्या तारेकडे जाते. मी लिहितोय ते मीटरवरच्या आकड्यांबद्दल.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या अलीकडे. हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं की दुकानासमोर जळक्या मोटारींची रांग लागते. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारे बाप्पा एकाच हंगामात तीच ५ एचपीची मोनोब्लॉक तिसऱ्यांदा घेऊन आले. मोटारीतच खोट आहे, असं त्यांचं म्हणणं.

“बाप्पा, व्होल्टेज किती असतंय?”

“चारशेला दहा कमी. मी सोता बघितलंय स्टार्टरवर.”

“मोटार चालू असताना बघितलं का?”

बाप्पा गप्प. मोटार चालू झाली की ते लगेच बाऱ्यावर जात. काटा बघायचे तो सुरू करायच्या आधी.

बंद मोटारीवर बघितलेल्या व्होल्टेजवरून चालू मोटारीला किती मिळतंय ते कळत नाही, हे मला लोकांच्या गळी उतरवायला वर्षं लागली. म्हणून हा लेख. हिशेब चौथीच्या गुणाकार-भागाकाराचा आहे, अडतं ते मोजण्यात.

सूत्रं

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि शक्ती असे शब्द असतात. दुकानात आम्ही त्यांनाच व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि वॅट म्हणतो. मूळ सूत्रं दोनच:

रेझिस्टन्स (ओहम) = व्होल्टेज ÷ करंट
शक्ती (वॅट) = व्होल्टेज × करंट

पहिलं जर्मनीच्या गेऑर्ग ओहमनं १८२७ साली छापलं, त्यालाच ओहमचा नियम म्हणतात. या दोघांची सांगड घातली की आणखी दोन मिळतात:

वॅट = करंट × करंट × रेझिस्टन्स
वॅट = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स

करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, आणि व्होल्टेज निम्मं झालं की हीटरचं काम चौथ्या हिश्शावर येतं. मोटारी जळतात त्या पहिल्या वर्गापायी, हिवाळ्यात अंघोळीचं पाणी कोमट राहतं ते दुसऱ्यापायी.

मीटर मिलीअँपिअर दाखवत असेल तर हजारानं भागून अँपिअर करून घ्या, किलोओहम दाखवत असेल तर हजारानं गुणा. गणित चुकलेली बहुतेक माणसं इथंच चुकलेली असतात.

मीटर हातात घेण्याआधी

आयटीआयला असताना मी मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीचा करंट मोजला, आणि पिन तशीच राहू देऊन प्रोब थेट बोर्डाच्या फेज-न्यूट्रलला लावले. करंट मोजायच्या जागेवर मीटर म्हणजे सरळ तारेचा तुकडाच असतो. फाटकन आवाज झाला, प्रोबचं टोक वितळून मण्यासारखं गोल झालं, आणि दोन दिवस डोळ्यांसमोर हिरवा ठिपका नाचत होता. हाताला काही झालं नाही, हे नशीब.

तेव्हा नियम असे पाळा. व्होल्टेज मोजताना दोन्ही प्रोब दोन टोकांना, म्हणजे समांतर. मल्टिमीटरनं करंट मोजायचा तर तार तोडून मीटर मध्ये घालायचा, आणि हे फक्त बॅटरीवर करायचं. घरच्या लाइटवर किंवा मोटारीवर करंटसाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे आमच्या भाषेत टाँग टेस्टर, घ्या. त्याचा चिमटा एकाच तारेभोवती बसला पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही चिमट्यात आल्या की जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो. ‘मीटर खराब आहे’ म्हणून दुकानात येणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार ही असते. यावर उपाय म्हणून एक एक्स्टेन्शन बोर्ड असा करून ठेवा की ज्याच्या तिन्ही तारा सुट्या आहेत, एका आवरणात बांधलेल्या नाहीत. मग फेजची तार चिमट्यात सहज येते.

ओहम मोजायचे ते सप्लाय पूर्ण काढून. कपॅसिटर असेल तर तो आधी डिस्चार्ज करून. थ्री फेज स्टार्टरचं झाकण उघडून मोजायचं काम वायरमनकडूनच करून घ्या, तुम्ही शेजारी उभं राहून आकडे लिहा. डीपीला (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला) हात लावायचा नाही, तिथं ११ हजार व्होल्ट आहेत.

पहिला सराव: फवारणीचा पंप

शिकायला सुरुवात पाठीवरच्या बॅटरी पंपावर करा. १२ व्होल्टला शॉक बसत नाही. बॅटरीची दोन टोकं मात्र एकमेकांना चिकटू देऊ नका, ठिणगी पडते आणि तार लाल होते.

पंप बंद ठेवून बॅटरीचं व्होल्टेज बघा. समजा १२.६ आलं. आता एक तार सोडवून मीटर १० अँपिअरच्या जागेवर मध्ये घाला, पंपात पाणी भरा आणि ट्रिगर दाबून धरा. समजा करंट ३ अँपिअर आला. मीटर काढा, तार जोडा, पिन परत व्होल्टच्या भोकात लावा (हो, माझी गोष्ट आठवून) आणि ट्रिगर दाबलेला असतानाच पुन्हा व्होल्टेज बघा. समजा १२.३ आलं.

पंप घेतोय १२.३ × ३ = ३६.९ वॅट. आणि १२.६ मधून १२.३ वजा केले की ०.३ व्होल्ट बॅटरीच्या पोटात आणि तारांत गेले. ०.३ ÷ ३ = ०.१ ओहम. ही बॅटरी ठणठणीत आहे.

आता शेजाऱ्याची तीन हंगाम वापरलेली बॅटरी घ्या. बंद असताना तीही १२.५ दाखवेल. ट्रिगर दाबल्यावर ९.८ वर येईल आणि करंट २.६. म्हणजे २.७ ÷ २.६ = जवळपास १ ओहम. दहापट. ही बॅटरी रात्रभर चार्ज करून उपयोग नाही, सोयाबीनच्या दोन ओळीत ती बसणार. न वापरता ठेवलेल्या बॅटरीचं व्होल्टेज बघून जुनी बॅटरी विकत घेणाऱ्याचं म्हणून नुकसान होतं.

दुसरा सराव: पाण्याचा रॉड

हिवाळ्यात बहिणीकडे गेलो होतो. “दादा, रॉड नवा आणला तरी बादली तापायला अर्धा तास लागतोय, दुकानदारानं फसवलं बघ.” रॉडवर १५०० वॅट लिहिलेलं.

दुकानदारानं फसवलं का, हे असं तपासायचं. रॉडवरचे वॅट २३० व्होल्टसाठी लिहिलेले असतात. त्यावरून रॉडचा रेझिस्टन्स काढा: २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. हीटरमधली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रेझिस्टन्स फार बदलत नाही, त्यामुळे हा आकडा भरवशाचा.

रॉड बादलीत घातला, मग चालू केला. (चालू रॉड असलेल्या पाण्यात बोट घालून बघायची सवय असेल तर आज सोडा.) त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये व्होल्टेज बघितलं: रॉड बंद असताना २०४, चालू असताना १९२. टाँग टेस्टर फेजच्या तारेवर: ५.४४ अँपिअर.

१९२ ÷ ५.४४ = ३५.३ ओहम. रॉड अगदी बरोबर होता.
१९२ × ५.४४ = १०४४ वॅट. पण काम करत होता सत्तर टक्केच.

१५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण १५७० किलोज्यूल उष्णता लागते. १५०० वॅटनं ते साडेसतरा मिनिटांत होतं, १०४४ वॅटनं पंचवीस मिनिटांत. बादलीतून उडून जाणारी उष्णता धरली की बहिणीचा अर्धा तास बरोबर निघाला. युनिट मात्र जवळजवळ तेवढंच पडतं, कारण वॅट कमी आणि वेळ जास्त. कमी व्होल्टेजला हीटरचं बिल वाढतं, हा समज तेवढा खरा नाही.

टाँग टेस्टर नसेल तर? घरचा वीजमीटर वापरा. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं की किती लुकलुकींना एक युनिट, बऱ्याच मीटरवर ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त रॉड चालू ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा. बहिणीकडे ५६ वेळा लुकलुकला. ५६ × ६० ÷ ३२०० = १.०५ किलोवॅट. वर काढलेल्या १०४४ वॅटशी पडताळा जुळला. आता १०५० ला १९२ नं भागा, करंटही मिळाला. भाच्यानं हे इतकं मनावर घेतलं की त्यानं टीव्ही, पंखा, फ्रिज सगळं मोजून वहीत लिहिलं.

आता ते १२ व्होल्ट. रॉड चालू केल्यावर २०४ चे १९२ झाले, मधले १२ कुठे गेले? घराच्या मेन स्विचपाशी मोजलं तर रॉड चालू असताना २०१ होते. म्हणजे बाहेरच्या सर्व्हिस वायरमध्ये ३ गेले आणि घराच्या आत ९. आतला रेझिस्टन्स ९ ÷ ५.४४ = १.६५ ओहम, आणि तिथं जळणारी वीज ९ × ५.४४ = ४९ वॅट.

४९ वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण आमच्या दुकानातली सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची आहे आणि ती शिसं वितळवते. घराच्या भिंतीत कुठेतरी अशा दोन इस्त्र्या रोज अर्धा तास चालू होत्या. मेन बंद करून एकेक जंक्शन उघडलं. मधल्या खोलीच्या दाराच्या वर न्यूट्रलचा पीळ मारलेला जॉइंट होता, वरची काळी टेप गुळाच्या पाकासारखी झालेली, आत तांबं काळंनिळं. तो कापून, तार खरवडून, नवा कनेक्टर घातला. पुन्हा रॉड लावला तर सॉकेटमध्ये २०० आले. करंट वाढून ५.६७, वॅट ११३४. ते १५०० होणार नव्हतेच, गावालाच व्होल्टेज कमी. पण घराला आग लागायची राहिली.

भागाकार कुठे फसतो

रॉड, इस्त्री, शेगडी इथं व्होल्टेज भागिले करंट म्हणजे खरा रेझिस्टन्स. पिवळ्या तारेच्या जुन्या १०० वॅटच्या बल्बला हिशेबानं ५२९ ओहम येतात, पण तो होल्डरमधून काढून मीटरनं मोजा, चाळीसच्या आसपास दिसतील. दोन्ही बरोबर आहेत. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांजवळ जाते आणि रेझिस्टन्स बारा-तेरा पट होतो. आम्ही वाइंडिंगवाले असा बल्ब सिरीज बोर्डवर अजून जपून ठेवतो: पुढे शॉर्ट असला तरी बल्ब पेटतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या वर जाऊ देत नाही. एलईडीला हा हिशेब लावूच नका.

मोटारीचं तर वेगळंच. १ एचपीची सिंगल फेज मोटार २३० व्होल्टवर ७ अँपिअर घेते, भागाकार ३३ ओहम. तीच बंद करून वाइंडिंग मोजली तर चार-पाच ओहम. कारण फिरणारी मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करून करंटला अडवते. म्हणूनच पंप जाम झाला, रोटर फिरलाच नाही, की ही अडवणूक जाते, करंट पाच-सहा पट होतो आणि वाइंडिंग मिनिटांत काळी पडते. तेव्हा वाइंडिंगचा रेझिस्टन्स हवा असेल तर सप्लाय काढून ओहमवरच मोजायचा. सिंगल फेज सबमर्सिबलच्या तीन तारा ओळखायलाही हेच कामी येतं: तीन जोड्या मोजा, समजा ४, ११ आणि १५ आले. सगळ्यात जास्त आकडा ज्या दोन तारांत, त्या सोडून उरलेली तिसरी कॉमन. कॉमनपासून ४ वाली रनिंग, ११ वाली स्टार्टिंग. आकडे मोटारीगणिक बदलतील, पण मोठा आकडा बाकी दोघांची बेरीज असलाच पाहिजे.

शिवाय मोटारीत व्होल्टेज आणि करंट एका तालात नसतात, म्हणून व्होल्टेज × करंटला पॉवर फॅक्टरनं गुणावं लागतं. पूर्ण लोडवरच्या शेतीपंपाला ०.८ ते ०.८५ धरा.

बाप्पांची मोटार

थ्री फेजला सूत्र असं: वॅट = १.७३२ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर. व्होल्टेज दोन फेजमधलं घ्यायचं, करंट एका तारेतला.

बाप्पांच्या मोटारीच्या पाटीवर ४१५ व्होल्ट, ७.८ अँपिअर. १.७३२ × ४१५ × ७.८ × ०.८३ = ४६५३ वॅट. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, ५ एचपीचे ३७३०. म्हणजे घेतलेल्या विजेपैकी ऐंशी टक्के शाफ्टवर मिळते, बाकीची मोटार तापवण्यात जाते. चांगल्या मोटारीचं हे ठीकच आहे.

मोटार भरून (वाइंडिंग नवी करून) दिली आणि या वेळी मीही विहिरीवर गेलो, त्यांच्या गावचा वायरमन सोबत. बंद असताना ३९०, बाप्पा खोटं बोलत नव्हते. स्टार्टर दाबला, पाणी पडायला लागलं, मोटारीच्या टर्मिनलवर ३३५. टाँग टेस्टर तिन्ही तारांवर एकेक करून लावला: १० अँपिअर, तिन्हीकडं साधारण सारखेच. (एका फेजवर फार वेगळा आकडा आला असता तर आधी फ्यूज आणि कॉन्टॅक्टर बघावे लागले असते.)

हीटरला व्होल्टेज कमी दिलं तर तो करंट कमी घेतो. मोटार उलट करते. पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग ती करंट वाढवते. १० ला ७.८ नं भागून वर्ग केला की १.६४. म्हणजे वाइंडिंगमधली उष्णता पाटीवरच्यापेक्षा चौसष्ट टक्के जास्त. रात्रपाळीच्या लाइटला पाच-सहा तास असं चाललं की वार्निश किती दिवस टिकणार? ओव्हरलोड रिले (करंट ठरवलेल्या आकड्यावर गेला की मोटार बंद करणारा) ट्रिप व्हायला हवा होता. तो कुणीतरी ‘सारखा पडतोय’ म्हणून १२ वर सेट करून ठेवलेला.

गेलेल्या ५५ व्होल्टचा हिशेब तिथंच कागदावर केला. तारेचा रेझिस्टन्स = ५५ ÷ (१.७३२ × १० × ०.८३) = ३.८ ओहम, प्रत्येक तारेत.

आता केबल बघू. ॲल्युमिनियमच्या १ चौरस मिलिमीटर तारेचा १ किलोमीटरला रेझिस्टन्स साधारण २८ ओहम, तांब्याचा १७ च्या थोडा वर. जितके चौरस मिलिमीटर, तितक्यानं भागा. बाप्पांची केबल ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम, डीपीपासून विहिरीपर्यंत ५०० मीटर: २८ ÷ ४ × ०.५ = ३.५ ओहम. उरलेले ०.३ वाटेतल्या जॉइंटांचे. मोटारीत काडीची खोट नव्हती.

त्या केबलमध्ये जळणारी वीज: ३ × १० × १० × ३.८ = ११४० वॅट. मोटार चालेल तितके तास बहिणीच्या घरचा रॉड जमिनीत पुरून ठेवल्यासारखं. बाप्पांना याचं काही वाटलं नाही, कारण ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला २०२४ पासून बिलच नाही. वीज फुकट झाली, वाइंडिंग नाही, एवढं म्हटल्यावर मात्र ते खाली बसले.

१० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमचा हिशेब: २८ ÷ १० × ०.५ = १.४ ओहम. करंट ८.५ धरला तर १.७३२ × ८.५ × १.४ × ०.८३ = १७ व्होल्ट जातील. केबल घेताना दुकानदाराला ‘किती एचपीची मोटार’ एवढंच सांगू नका, किती मीटर लांब तेही सांगा. ५ एचपीला ४ ची केबल पन्नास मीटरवर चालून जाते, पाचशेवर नाही.

केबल बदलूनही बंद असतानाचं व्होल्टेजच साडेतीनशे असेल तर दोष तुमच्या तारेत नाही, बहुतेक डीपीवर पंप जास्त झालेत. तेही मोजता येतं. पाटीवरचे ४१५ × ७.८ × १.७३२ म्हणजे एका पंपाचे ५.६ केव्हीए (पॉवर फॅक्टर न लावलेला गुणाकार, हजारात). १०० केव्हीएच्या डीपीवर असे १७ पंप मावतात. जाता-येता डीपीवरून गेलेल्या केबली मोजा, आणि अर्ज करताना हे गणित सोबत जोडा. ‘व्होल्टेज कमी आहे’ या तक्रारीपेक्षा ‘सतरा मावतात, सव्वीस आहेत’ ही तक्रार लवकर वाचली जाते, असा माझा अनुभव.

बाप्पांनी सोयाबीनचे पैसे आल्यावर केबल बदलली. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला मी खडूनं लिहून दिलं होतं, नातवानं त्यावर नंतर ऑइल पेंट फिरवला: बंद ३९०, चालू ३७३, अँपिअर ८.५, रिले ९ च्या वर नेऊ नये.